दोघींचं वजन

“मॅडम, आयसीयूत जाडी माणसं जास्त वाचतात का बारीक? म्हणजे, यमाले उचलाले जड जात असन का?”

तेजस्विनीनं हे भर हॉलमध्ये, माईक हातात धरून विचारलं.  मग तिन्ही वर्गांचं हसू एकदम फुटलं, आणि मागच्या रांगेत डिंपल नि रेणू एकमेकींच्या मांडीत तोंड खुपसून गदागदा हलू लागल्या. पैज त्यांचीच होती. “तालुक्यात गोळाफेकीत पहिली आली म्हून लय हवा भरली न तुह्यात? मंग विचारून दाखव,” असं डिंपल म्हणाली होती. आणि हवा खरोखरच भरली होती. स्पर्धा जिंकल्यापासून तेजू जमिनीवर चालतच नव्हती. लोखंडी गोळा हातातून सुटला की जिथं जाऊन पडतो, तिथपर्यंतचं सगळं आभाळ आपल्या नावावर झालं, असं तिला वाटायचं.

समोर उभ्या होत्या त्या डॉक्टर शुभांगी मॅडम. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात त्या आयसीयू सांभाळायच्या आणि आरोग्य तपासणीसाठी तुमसरच्या या शाळेत आल्या होत्या. सकाळीच सगळ्यांची वजनं झाली होती. तेजूचा आकडा डिंपलनं मैदानभर ऐकू जाईल असा ओरडला होता, “एकसष्ट! सरका, सरका, ट्रक आली!” त्यावर तेजूनं दोन्ही दंड फुगवून दाखवले होते. मागच्या वर्षीची तेजू असती तर संडासात जाऊन रडली असती.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणजे थोड्या हसल्या, पण चष्म्याच्या आत.

“बसू नकोस, उभी राहा. प्रश्न चांगला आहे. आम्ही डॉक्टरसुद्धा यावर भांडत असतो.” त्या टेबलाला टेकल्या. “काही ठिकाणच्या अभ्यासात असं दिसलंय, की जरा भरलेली माणसं मोठ्या आजारात कधीकधी थोडी जास्त तग धरतात. अगदी हाडकुळी असतात ती लवकर खचतात. का, ते अजून कोणी छातीठोक सांगत नाही. आणि वजन फारच असलं, तर श्वासाचे हाल, हृदयाचे हाल, सुई टोचायलासुद्धा शीर सापडत नाही. तेव्हा उद्यापासून दोन-दोन समोसे चालू करू नका.”

हॉल पुन्हा हसला.

“आणि एक लक्षात ठेवा. काटा ‘किती’ ते सांगतो, ‘कशाचं’ ते सांगत नाही. वरून गुबगुबीत दिसणारं माणूस आतून उपाशी असू शकतं.”

हे शेवटचं वाक्य तेजूच्या कानावरून नुसतं वारा गेल्यासारखं गेलं. कारण रेणूनं पैजेचा तिळाचा लाडू मागून तिच्या हातात कोंबला होता, आणि लाडू हातात असताना तेजूला दुसरं काही ऐकू येत नसे.

त्या वेळी कोणाला ठाऊक होतं, की आठवडाभरात हेच वाक्य तिला शोधत येणार आहे!

*

तेजूच्या घरात वजनाला फार मान होता. तिचे बाबा, नंदलाल, राइस मिलमध्ये काटेवाले होते. चार-चार पोती एकदम पेलणारा तो लोखंडी काटा म्हणजे त्यांचं दैवत. सकाळी मिलमध्ये गेले की आधी काट्याला हात लावून नमस्कार, मग चहा. “माणूस खोटं बोलते, काटा नाई बोलत,” असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. आईला मात्र आकडा घरात आलेला चालत नसे. “पोरीचं वजन चारचौघांत सांगत नसतेत,” हा तिचा नियम. गोळाफेकसुद्धा तिला दहावीच्या आत सुटलेली हवी होती. “खांदे पाह्य, खांदे! पोट्ट्यावानी होऊन राहिले.”

आणि मग आत्या. कुसुमताई. बाबांची मोठी बहीण, कोष्ट्यांच्या गल्लीत एकटीच राहणारी. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर हातमाग, आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेली आत्या. धोटा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा, आणि कोशाच्या रेशमाचं ते मधाच्या रंगाचं कापड बोटबोट वाढत राहायचं. लहानपणी तेजूला त्या खटखटीशिवाय दुपारची झोपच लागत नसे. आत्या गोल होती, मऊ होती, आणि हसली की आख्खा माग हसायचा.

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी आत्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि तिला खड्ड्यातून उठताच येईना. गल्लीतल्या बाया धावल्या. दोघींनी हात धरले, एकीनं कंबर. शेजारच्या गोदावरीबाई म्हणाल्या, “अवो, अशानं काय होते! मिलमधले हमाल बोलवा, हूक घेऊन या म्हणा!” सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं आत्याच हसली.

पण त्या संध्याकाळी तेजू तिच्याकडे जेवायला बसली, तेव्हा आत्यानं आपल्या ताटातला भात हळूच तिच्या ताटात सरकवला. वर वरण, जवसाची चटणी, तुपाची धार. “खाय मा. तुले गोळा फेकाचा आहे. मले काय, बसूनच राहाचं.”

रोज संध्याकाळी तेच. तेजूच्या पोटात तेव्हा विहीर होती, कितीही ओता. ती खायची, आणि आत्या गरम पाण्यात लिंबू पिळून, घोटघोट पीत तिच्याकडे बघत बसायची. पेला उचलला की तिच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरायच्या.

दर रविवारी मिल बंद असताना बाबा मागचं दार उघडायचे आणि आत्या वजन करायला यायची. पण एकटी ती काट्यावर चढायचीच नाही. “एकटी चढली तं आकडा माहा होते. दोघी चढलो तं कोणाचाच नाई होत,” असं म्हणून ती तेजूला दंडाला धरून वर ओढायची. दोघी एकमेकींना बिलगून, पोत्यांसारख्या उभ्या. धानाच्या कोंड्याची सोनेरी धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत असायची. बाबा चष्मा वर करून आकडा वाचायचे. “एकशे अडतीस. बारदान्याचं एक किलो काटू का, बाई?”

“काट बाबू, काट!”

दसऱ्याला एकशे अडतीस. दिवाळीनंतर एकशे अडतीस. संक्रांत झाली तरी एकशे अडतीस.

“आकडा काहून नाई हलून राहिला?” काट्यावरून उतरताना आत्या पुटपुटायची. आणि पुढच्या हप्त्यात ताटातला आणखी एक घास तेजूकडे सरकायचा.

*

शाळेतल्या त्या प्रश्नानंतर आठवडाभरात आत्याला ताप आला. दोन दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतून माग ऐकू येईना, म्हणून गोदावरीबाईंनी दार ढकललं. न्यूमोनिया. तुमसरहून भंडाऱ्याला नेईपर्यंत आत्याच्या ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिला आयसीयूत घेतलं, घशात नळी गेली, आणि आत्याचा श्वास मशीन घेऊ लागलं.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या तेजूला आतून ओळखीचा आवाज आला आणि वर बघते तर शुभांगी मॅडम! त्यांनीही तिला ओळखलं. “यमवाली ना तू?” असं काहीसं म्हणता म्हणता त्या थांबल्या, आणि नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी काचेतून तेजूनं पाहिलं होतं, एक सिस्टर आत्याची लांबी टेपनं मोजत होती, डोक्यापासून टाचेपर्यंत, शिंप्यानं माप घ्यावं तशी. “ती कायले मोजून राहिली?” तिनं विचारलं.

“श्वासाचं मशीन उंचीवर लावतात,” मॅडम म्हणाल्या. “माणूस जाड झालं म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. औषधं आणि जेवण मात्र वजन बघून.” मग त्या बाबांकडे वळल्या. “हिला काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. वजन किती असेल? आणि मागच्या काही महिन्यांत कमी झालं होतं का? खाणंपिणं?”

बाबा ताठ झाले. वजनाचं त्यांना विचारलं होतं! “काही कमी नाई झालं मॅडम. मी स्वतः दर रविवारी पाह्यतो. दसऱ्यापासून काटा जागचा हलला नाई. पोरीचं वजा करून शहाऐंशी पकडा.”

“आणि जेवण?”

“जेवण रोजचंच,” आई म्हणाली. “अंगानं तर पाहूनच राहिल्या तुम्ही.”

मॅडमनी मान हलवली. “ठीक आहे. मग संध्याकाळपासून नळीतून पूर्ण अन्न चालू करू. अंगात ताकद यायला हवी.” आणि दार बंद झालं.

*

दुपार झाली. व्हरांड्यात ऊन आडवं पडलं होतं. आई डबा उघडून बसली, पण तेजूला पहिल्यांदाच भूक नव्हती. ती भिंतीला टेकली. काचेपलीकडून मशीनचा आवाज येत होता. सुस्स... खट. सुस्स... खट. आणि तेजूला वाटलं, हा तर माग आहे. आत्या खड्ड्यात बसलीय, पाय पांढऱ्या चादरीत आहेत, धोटा इकडून तिकडे जातोय, आणि प्रत्येक खटीला श्वासाचा एकेक धागा विणला जातोय.

डोळे मिटले कधी, कळलंच नाही.

मिलच्या अंगणात कोंडा पडत होता. वरून, आभाळातून, सोन्याचा. मध्ये काटा होता, आणि काट्यावर त्या दोघी, तेजू आणि आत्या, बिलगून. अंगणाच्या टोकाकडून कोणीतरी येत होतं. डोक्याला गमछा, खांद्यावर रिकामं पोतं, हातात पोती उचलायचा हूक. अगदी मिलमधल्या हमालासारखा, फक्त त्याच्या पायांचा धुळीत ठसा उमटत नव्हता.

“मले जड माणूस उचलाले त्रास होते का, हे तूच विचारलं होतं ना, पोरी?” तो म्हणाला. आवाज काही वाईट नव्हता. थकलेला होता.

तेजूनं आत्याला अजून घट्ट धरलं. “हो. अन् आमची आत्या लय जड आहे. नाई उचलणार तुमच्यानं.”

त्यानं हूक खाली ठेवला आणि नुसत्या हातानं आत्याचं मनगट उचललं. आत्याच्या हिरव्या बांगड्या सळसळत कोपरापर्यंत गेल्या. अगदी कोपरापर्यंत! “हे जड?” तो म्हणाला. “हे तं कोसल्यावानी आहे. किडा आतून कवाच गेला, टरफल राह्यलं.”

“खोटं! आकडा पाह्य! एकशे अडतीस!”

त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग हळूच तेजूकडे. तिच्या खांद्यांकडे, दंडांकडे, घट्ट झालेल्या शाळेच्या कुडत्याकडे. “आकडा खरा आहे,” तो म्हणाला. “पण त्याच्यातली ती किती अन् तू किती?”

आणि तेजूच्या लक्षात आलं, की तिच्या पायाखाली काटा दाबला जातोय आणि आत्याच्या पायाखाली वर येतोय. भात, वरण, जवसाची चटणी, तुपाची धार, सगळं आत्याच्या अंगातून निघून, कोंड्यासारखं तरंगत, हळूहळू तिच्या अंगावर येऊन बसत होतं.

ती उठली ती डबा उलटवूनच.

“काय झालं वो!” आई दचकली.

“आई, मी एकसष्ट आहो!”

शेजारच्या बाकावर कुठल्याशा पेशंटची माणसं बसली होती. त्यातल्या एका म्हातारबाबांनी मान वळवून पाहिलं. “हळू बोल,” आई दातांतून म्हणाली. “हे काय सांगाची जागा आहे का?”

पण तेजू उभी राहिली होती, आणि उभी राहिली की आता ती बसत नसे. “बाबा, दसऱ्याले आमचा दोघींचा आकडा किती होता?”

“एकशे अडतीस.”

“अन् मांगच्या हप्त्यात?”

“तेवढाच. तेच तं सांगितलं न मी मॅडमले.”

“दसऱ्याले मी बावन्न होती, बाबा! स्पर्धेच्या आधी सरांनी मोजलं होतं. आता मी एकसष्ट आहो. मॅडमनीच मोजलं शाळेत. मी नऊ किलोनं वाढली अन् आकडा नाई वाढला. मंग ते नऊ किलो कोणाचे गेले?”

बाबांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. ओठ हलत होते. आयुष्यभर पोत्यातून बारदाना वजा करणारा माणूस, त्याला ही वजाबाकी कठीण नव्हती. ती नव्यानं करायचीच राहून गेली होती. 

“काटा तं खरा होता,” ते अगदी लहान आवाजात म्हणाले.

“खराच होता, बाबा. पण आपण दोघींचं एकच पोतं समजलो.”

“पण जेवत तं होती ना बाई?” आईनं विचारलं. तिचा आवाजही आता दातांतून येत नव्हता.

“मी जेवत होती, आई. तिचं ताट मी जेवत होती. ती लिंबूपाणी पित होती. चार महिने.”

*

मॅडम बाहेर आल्या तेव्हा तेजूनं सगळं एका दमात सांगितलं. खड्डा, हूक, गोदावरीबाईंची चेष्टा, लिंबूपाणी, कोपरापर्यंत गेलेल्या बांगड्या. एकसष्ट हा आकडा तिनं तीनदा उच्चारला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तो तिला नुसता आकडा वाटला, जसा रोल नंबर असतो.

मॅडमचा चेहरा बदलला. “थांब,” म्हणाल्या आणि आत वळल्या. काचेतून दिसलं, त्यांनी संध्याकाळसाठी टांगून ठेवलेली अन्नाची पिशवी उतरवायला सांगितली, सिस्टरनं आत्याच्या हातातून रक्त काढलं. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या आणि बाबांशेजारी बाकावरच बसल्या.

“इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर दिलं, तर रक्तातले क्षार खाली कोसळतात. हृदय अडखळू शकतं. तुमच्या बहिणीचे तर आधीच कमी निघाले. आता अगदी थोडं थोडं देऊ, आधी व्हिटॅमिन, रोज रक्त तपासून. वरच्या चरबीकडे बघून मीही फसले असते.”

“बाई वाचन का पण?” बाबांनी विचारलं.

“आज सांगता येणार नाही. न्यूमोनिया मोठा आहे. पण आज तिच्याबद्दल खरं काय ते कळलं. कालपेक्षा हे बरं.”

संध्याकाळी एकेकाला आत सोडलं. तेजूनं आत्याचं मनगट धरलं. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, त्यांच्या जागी गोरे वळ राहिले होते. इतकं बारीक मनगट! दिसत नव्हतं का आपल्याला? दिसत होतं. पण आत्याचं हसू एवढं रुंद होतं, की त्याच्यामागे मनगट कोण बघतो?

“आत्या,” ती कानाशी वाकून म्हणाली, “तुहे नऊ किलो माह्याजवळ आहेत. जपून ठेवले. परत घ्याले ये.”

मशीन म्हणालं, सुस्स... खट.

पुढचे दिवस तेजूला नीटसे आठवतच नाहीत. धुक्यातून सायकल चालवावी तसे ते गेले. शाळा, बस, व्हरांडा, काच. नळीतून जाणारं ते दुधासारखं अन्न, आधी थेंबथेंब, मग जरा सरळ धारेनं. एकदा ताप पुन्हा चढला आणि बाबा दिवसभर नुसते उभे राहिले, बसलेच नाहीत. डिंपल आणि रेणू एका रविवारी भंडाऱ्याला आल्या, बोरं घेऊन. डिंपल आधी बोरं निवडत बसली. मग म्हणाली, “मी तुले ट्रक म्हटलं न व त्या दिवशी.”

“मंग?” तेजू म्हणाली. “ट्रकमधूनच तं धान येते.”

मग एका सकाळी काचेपलीकडून तो आवाज येईनासा झाला.  ती धावली. मशीन बंद होतं, नळी निघाली होती, आणि आत्या स्वतःच्या नाकानं, स्वतःच्या छातीनं, अडखळत, दोरा तुटत-जोडत का होईना, स्वतःचा श्वास विणत होती.

तिनं डोळे उघडले. तेजूकडे पाहिलं. घसा कोरड्या पानासारखा वाजला. “काटा... काय म्हणते?”

“काट्याले सुट्टी दिली, आत्या.”

*

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी बजावलं होतं, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाऊ घालायचं, हात धरून चालवायचं, आणि आठवड्याला वजन. वाढलं नाही तरी चालेल, पण घसरू द्यायचं नाही. आई-बाबा व्हरांड्यात त्यावरच बोलत उभे होते. बाई आपल्या घरी येईन का? नाही येणार, मागाशिवाय ती राहत नाही. मग तिथं कोण थांबणार? मिल आहे, घर आहे. बाजूला आत्या चाकाच्या खुर्चीत, उन्हात डोळे मिटून बसली होती, शालीत गुंडाळलेल्या कोशासारखी. बोटं मात्र मांडीवर हलत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

तेजूनं दप्तर खांद्यावरून खाली ठेवलं.

“आई, बाबा, ऐका. मी उद्यापासून आत्याकडे राहाले जाऊन राहिली. दहावी तिथूनच देईन. ताट एकच राहीन, अन् पहिला घास तिचा. तिनं सोडला तं मी बी सोडीन, मंग जिल्ह्याच्या स्पर्धेत माहा गोळा दोन हातावर पडन, अन् त्याची जबाबदार ती.” आत्याचा एक डोळा उघडला. “हो, गोळा मी सोडून नाई राहिली, आई. अन् रविवारी काट्यावर आधी मी चढीन, एकटी. आकडा माहा मीच वाचीन, मोठ्यानं. मंग आत्या चढन, एकटी.”

“अवो, पण आधी घरात विचाराचं तं...” आई म्हणू लागली.

“विचारून नाई राहिली, आई,” तेजू म्हणाली. “सांगून राहिली.”